लेकी बोले, सुने लागे : अमेरिकी शटडाउनचं भांडण नेमकं कुणाशी?

(वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत डिसेंबर २०२५च्या अखेरीस दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, सुरुवात तक्रारीने करतो. खाली जिन्यापाशी फळ्यावर आजचा विषय लिहिलाय : 'अमेरिकेची तिजोरी का रिकामी झाली?' वर येताना मी खडू मागितला, तो मिळाला नाही. म्हणून इथेच दुरुस्ती करतो. तिजोरी रिकामी झाली नव्हती. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, त्रेचाळीस दिवस अमेरिकेचं सरकार बंद होतं. त्या काळात कर जमा होत होते, कर्जरोखे विकले जात होते, व्याज वेळेवर जात होतं, म्हाताऱ्यांची सोशल सिक्युरिटीची पेन्शनसुद्धा खात्यात पडत होती. पैसा होता. तो खर्च करायची परवानगी नव्हती. धान्याची कोठी भरलेली, किल्ली सासूबाईंच्या कमरेला आणि सासूबाई माजघरातून बाहेर यायला तयार नाहीत, असा तो प्रकार.

दर दोन-तीन वर्षांनी ऐकू येणारं कर्जमर्यादेचं भांडण वेगळं. त्यात खरंच देणी थकवण्याची वेळ येऊ शकते. आज तिकडे जात नाही.

तर किल्ली. अमेरिकेच्या घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात लिहिलंय की कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. आपल्या घटनेच्या ११४व्या अनुच्छेदात जवळपास हेच वाक्य आहे. तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी खर्चाची बारा विधेयकं प्रतिनिधीगृहात मंजूर व्हायला हवीत, सिनेटमध्ये व्हायला हवीत आणि त्यावर अध्यक्षांची सही हवी. सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदानाला जायचं तर शंभरातली साठ मतं लागतात. म्हणजे तिन्ही ठिकाणी एकाच पक्षाची सत्ता असली तरी विरोधकांना विचारल्याशिवाय गाडी हलत नाही. १ ऑक्टोबरचं हे वेळापत्रक १९७४च्या कायद्याने बसवलं. तेव्हापासून सगळी विधेयकं वेळेत मंजूर झाली अशी वर्षं किती? चार. त्यातलं शेवटचं १९९७चं. एरवी तात्पुरता ठराव करतात, कंटिन्युइंग रिझोल्यूशन. आपल्या लेखानुदानाचा चुलतभाऊ म्हणा. त्याची मुदत संपली आणि पुढचा ठराव आला नाही की शटडाउन.

आता, मुदत टळली म्हणजे कचेरीला कुलूप, हे घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. १९७७ साली मुदत तीनदा टळली होती. गरीब स्त्रियांच्या गर्भपाताचा खर्च सरकारी आरोग्य योजनेतून करायचा की नाही, यावर दोन सभागृहांचं जमेना. मिळून जवळजवळ महिनाभर दोन खाती मंजुरीविना होती. पण कुणी घरी गेलं नाही. साहेब म्हणाले, नवी खरेदी थांबवा, प्रवास थांबवा, पैसे काय, येतीलच. आणि ते आले.

मग १९८० साली अध्यक्ष कार्टर यांचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एक मत लिहून दिलं. ते म्हणाले, एकोणिसाव्या शतकातला एक कायदा आहे, मंजुरी नसताना सरकारच्या नावाने देणं उभं करायला त्यात बंदी आहे. ती सरळ वाचली तर मंजुरी नाही म्हणजे कामही नाही. १ मे १९८० रोजी फेडरल ट्रेड कमिशनच्या सुमारे सोळाशे लोकांना एक दिवस घरी बसवलं. तो पहिला शटडाउन. पुढच्या जानेवारीत त्यांनीच पुरवणी जोडली : माणसांचा जीव आणि मालमत्ता वाचवणारी कामं चालू राहतील. विमानं उतरवणारे, तुरुंगाचे पहारेकरी, सीमेवरचे लोक कामावर येणार, फक्त पगार नंतर.

सिव्हिलेटींचा हेतू साधा होता. कुलूप दिसलं की काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, लाज वाटेल आणि कामं वेळेत होतील. झालं उलटंच. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे आपल्याला माहीत आहे. तिथल्या पुढाऱ्यांच्या हाती सरकारचं नाकच दिलं गेलं. २०१९ साली कुणीतरी वृद्ध सिव्हिलेटींना गाठून विचारलं, तेव्हा ते म्हणाले की याचा असा राजकीय डावासाठी वापर होईल, हे माझ्या कल्पनेतही नव्हतं.

डाव मात्र नवा नाही. १८७८च्या निवडणुकीनंतर डेमोक्रॅटिक पक्षाकडे दोन्ही सभागृहं आली. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मतदारांच्या संरक्षणासाठी केंद्राचे सैनिक आणि मार्शल मतदान केंद्रांवर असायचे, ते त्यांना नको होते. स्वतंत्र कायदा केला असता तर अध्यक्ष हेज यांनी तो नाकारला असता. म्हणून त्यांनी ते कलम सैन्याच्या खर्चाच्या विधेयकाला शेपटासारखं जोडलं. सैन्याला पगार हवा तर आमचं शेपूट घ्या. हेज यांनी विधेयक परत पाठवलं. पुन्हा आलं, पुन्हा परत. प्रतिनिधीगृहात रिपब्लिकनांच्या बाजूने त्यावर तुटून पडणारे सदस्य होते जेम्स गारफिल्ड. लोकमत फिरलं, डेमोक्रॅटांना माघार घ्यावी लागली आणि १८८० साली गारफिल्ड अध्यक्षपदी निवडून आले. अध्यक्षांच्या नकाराधिकाराला बगल देऊन हवं ते खर्चाच्या विधेयकातून वसूल करायचं, हा खाक्या तिथला.

आता माझा मुद्दा. वर्तमानपत्रं शटडाउनची बातमी अशी देतात की दोन पक्षांचं एकमत झालं नाही, वाटाघाटी फिसकटल्या. जणू दोन दुकानदार भावावरून अडलेत. पण मोठे शटडाउन एकापाठोपाठ एक मांडून बघा. १९९५, २०१३, २०१८-१९, २०२५. ज्याने जी मागणी पुढे करून सरकार अडवलं, त्याला ती मागणी त्या अडवणुकीतून एकदाही पदरात पडलेली नाही. इतक्या वेळा हरणारा डाव हुशार माणसं पुन्हा पुन्हा का टाकतात? माझं उत्तर असं, की डाव समोरच्याशी नसतोच. लेकी बोले, सुने लागे. बोलणं विरोधकाला उद्देशून चाललंय असं दिसतं, ऐकवायचं असतं आपल्याच माणसांना. मागणी मिळाली नाही तरी चालते. मागताना आपण किती लांबपर्यंत गेलो, ते आपल्या मतदारांनी पाहिलं पाहिजे.

१९९५ हा या सगळ्यांचा आजोबा, पण त्यात हे अजून पुरतं मुरलेलं नव्हतं. चाळीस वर्षांनी रिपब्लिकनांकडे प्रतिनिधीगृह आलं होतं, सभापती न्यूट गिंग्रिच. सात वर्षांत तूट शून्यावर आणायची, मेडिकेअरचा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, खर्च आवरायचा, असं त्यांचं म्हणणं. क्लिंटन यांनी सही नाकारली. नोव्हेंबरात पाच दिवस आणि डिसेंबरच्या मध्यापासून ६ जानेवारीपर्यंत एकवीस दिवस कुलूप. गिंग्रिच यांना खरोखर वाटत होतं की क्लिंटन नमतील. त्यातच त्यांनी पत्रकारांसमोर एक वाक्य बोलून घात करून घेतला. इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यविधीहून परतताना अध्यक्षांच्या विमानात आपल्याशी कुणी बोललं नाही आणि उतरताना मागच्या दाराने उतरवलं, म्हणून आपण ठराव अधिक कडक केला, अशा अर्थाचं. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने पहिल्या पानभर त्यांना लंगोटातलं रडकं बाळ म्हणून काढलं. मानापमानाने महायुद्धं झालीत, त्यामुळे मला याचं फारसं आश्चर्य वाटत नाही. दुसरं म्हणजे सिनेटमधले रिपब्लिकन नेते बॉब डोल स्वतः अध्यक्षपदासाठी उभे राहणार होते. त्यांना रोज हे लोढणं गळ्यात नको होतं. जानेवारी उजाडल्यावर त्यांनीच 'आता पुरे' म्हटलं. क्लिंटन नोव्हेंबरात पुन्हा निवडून आले.

तेव्हापासून तिथे समज रूढ झाला की शटडाउन करणाऱ्याला लोक शिक्षा करतात. समज अर्धाच खरा होता. त्याच निवडणुकीत रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृह राखलं होतं, हे कुणी लक्षात ठेवलं नाही.

२०१३वर जरा थांबतो, कारण तिथे हेतू अगदी उघडा दिसतो. ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचा पैसा तोडा, नाहीतर सरकार बंद, ही रिपब्लिकनांची मागणी. आता बघा, सिनेट डेमोक्रॅटांकडे. अध्यक्ष खुद्द ओबामा, वर्षभरापूर्वी पुन्हा निवडून आलेले. स्वतःच्या नावाने ओळखला जाणारा कायदा ते स्वतः मोडतील? शक्यता शून्य. मागणाऱ्यांनाही ते माहीत होतं. तरी टेक्ससचे नवखे सिनेटर टेड क्रूझ एकवीस तास उभे राहून बोलले. मध्ये त्यांनी टीव्हीवर बघत असलेल्या आपल्या छोट्या मुलींसाठी झोपताना वाचायची गोष्टसुद्धा सभागृहात वाचून दाखवली. सरकार १ ऑक्टोबरला बंद पडलं. गंमत म्हणजे त्याच दिवशी विम्याची सरकारी वेबसाइट सुरू झाली, कारण त्या कायद्याचा बराचसा पैसा वार्षिक मंजुरीवर अवलंबूनच नव्हता. म्हणजे जे बंद पाडायचं ते सोडून बाकी सगळं बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी.

सभापती जॉन बोनर यांना हे पटत नव्हतं. पुढच्या जानेवारीत टीव्हीवरच्या एका मुलाखतीत त्यांनी सांगून टाकलं की हे संकट आधीच दिसत होतं. पण मागे लोक नसतील तर नेता म्हणजे नुसता फिरायला निघालेला माणूस. म्हणून ते आपल्याच सदस्यांच्या मागून चालू लागले. सोळा दिवसांनी रिकाम्या हाताने परत आले.

मग कमावलं कुणी? पुढच्या वर्षी, २०१४ साली, रिपब्लिकनांनी सिनेटच जिंकली. त्याच वर्षी जूनमध्ये प्रतिनिधीगृहातले त्यांचे दुसऱ्या क्रमांकाचे नेते एरिक कँटर हरले. डेमोक्रॅटाकडून नाही, स्वतःच्या पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, एका जवळपास अनोळखी प्राध्यापकाकडून. आणि २०१६च्या फेब्रुवारीत आयोवात अध्यक्षपदाच्या उमेदवारीची पहिली फेरी जिंकली क्रूझ यांनी. हिशेब तुम्हीच लावा. बहुतेक मतदारसंघ तिथे एका पक्षाचे पक्के झालेत, काही आपोआप, काही सीमा वळवून-वळवून आखल्यामुळे. अशा जागी नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीची धास्ती नसते. धास्ती असते प्राथमिक फेरीची, जिथे आपलेच कट्टर लोक मत देतात आणि 'तू नमलास' एवढा एकच गुन्हा त्यांच्या लेखी अक्षम्य असतो.

२०१८-१९चं उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावं असं. ११ डिसेंबर २०१८ला ट्रम्प यांनी कॅमेऱ्यांसमोर डेमोक्रॅट नेत्यांना सांगितलं की सीमासुरक्षेसाठी सरकार बंद करायला मला अभिमान वाटेल, दोष मी घेईन. आठवड्याभराने त्यांचीच माणसं सावध झाली. १९ डिसेंबरला सिनेटने मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशांविना तात्पुरता ठराव आवाजी मतदानाने मंजूर केला. सिनेटर ख्रिसमसला घरी जायला निघाले. पण रेडिओ-टीव्हीवरचे उजवे भाष्यकार रात्रभर ट्रम्प यांच्यावर तुटून पडले : भिंत कुठाय? दुसऱ्या दिवशी अध्यक्ष फिरले. म्हणजे पस्तीस दिवसांचं ते प्रकरण ठरलं कुठे? डेमोक्रॅटांबरोबरच्या बैठकीत नाही, आपल्याच गोटातल्या ओरड्यात.

मागणी ५.७ अब्ज डॉलरची. संसदेच्या अंदाज कार्यालयाने नंतर हिशेब काढला : अर्थव्यवस्थेचं ११ अब्जांचं नुकसान, त्यातले ३ अब्ज कायमचे गेले. आठ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडले. संपलं कसं, तर २५ जानेवारीला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर हवाई नियंत्रकांची संख्या कमी पडली आणि विमानं अडकली. त्याच दिवशी ट्रम्प यांनी भिंतीविना सही केली. पुढच्या महिन्यात १.३७५ अब्ज मिळाले आणि उरलेल्यासाठी त्यांनी आणीबाणी जाहीर करून दुसऱ्या खात्यांतला निधी वळवला. समर्थकांना हवं ते दृश्य मिळालं : आपला माणूस लढला.

इथे एक उपकथानक सांगायलाच हवं. बंद काय ठेवायचं आणि चालू काय ठेवायचं, हे बऱ्याच अंशी अध्यक्षांचं प्रशासन ठरवतं. १९६९ साली राष्ट्रीय उद्यान खात्याचा पैसा कापला, तेव्हा त्या खात्याच्या संचालकांनी वॉशिंग्टन स्मारक आणि ग्रँड कॅन्यन आठवड्यातून दोन दिवस बंद ठेवले. लोक ओरडले, पैसा परत आला. तिथे याला 'वॉशिंग्टन मॉन्युमेंट सिंड्रोम' म्हणतात. काटकसर करायला सांगितली की जे सगळ्यांना दिसतं तेच आधी बंद करायचं. आपल्याकडे नगरपालिकेचे लोकही हे शास्त्र जाणून असावेत असा मला संशय आहे. ओबामांच्या काळात, २०१३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या उघड्यावरच्या स्मारकाभोवतीही अडथळे लावले आणि मिसिसिपीहून आलेल्या ऐंशी-नव्वदीच्या सैनिकांसाठी खासदारांनीच ते बाजूला केले, अर्थात कॅमेऱ्यासमोर. ट्रम्प यांनी २०१८-१९ला उलट केलं. उद्यानं उघडी ठेवली, कर्मचारी घरी. कचरा साचला, शौचालयं तुंबली, जोशुआ ट्रीच्या उद्यानात झाडांची नासधूस झाली. एकाला दुखणं दाखवायचं होतं, दुसऱ्याला झाकायचं होतं.

२०२५मध्ये ही कला फार पुढे गेली. त्या वेळी मी मुलीकडे मेरीलँडमध्ये होतो. शेजारी एका सरकारी कार्यालयात काम करणारे गृहस्थ राहतात, ते 'आवश्यक' वर्गातले. रोज सकाळी डबा घेऊन बिनपगारी कामावर. त्यांची बायको 'अनावश्यक', ती घरी. ती मला म्हणाली, पंचवीस वर्षं नोकरी केल्यावर तुम्ही अनावश्यक आहात असं पत्र दर थोड्या वर्षांनी येतं, त्याचं पगारापेक्षा जास्त लागतं. दोघांना बुडालेला पगार नंतर मिळाला, २०१९च्या कायद्यात तशी हमी आहे. त्याच इमारती झाडणाऱ्या, तिथली उपाहारगृहं चालवणाऱ्या कंत्राटी लोकांना ती हमी नाही. खासदारांचा पगार मात्र चालूच, तो वार्षिक मंजुरीत येत नाही.

आता हेतूंकडे. या वेळी अडवणारे डेमोक्रॅट होते. २०२१पासून आरोग्यविम्याच्या हप्त्यावर वाढीव सवलत मिळत होती, ती २०२५च्या अखेरीस संपणार होती. ती वाढवा, ही मागणी. दोन कोटींहून अधिक लोकांचा प्रश्न, मागणी खरी होती, हे मी मान्य करतो. पण ऑक्टोबरातच का? त्याचं मूळ मार्चमध्ये आहे. मार्चमध्ये मुदत संपत होती, तेव्हा सिनेटमधले डेमोक्रॅट नेते चक शूमर यांनी रिपब्लिकन ठरावाला वाट मोकळी करून दिली. शटडाउन झाला तर ट्रम्प यांच्या हाती जास्त ताकद जाईल, असं त्यांचं म्हणणं. पक्षातल्या लोकांनी त्यांना इतकं झोडपलं की त्यांना पुस्तकाच्या प्रसिद्धीचे कार्यक्रम पुढे ढकलावे लागले. राजीनामा मागणारे पक्षातलेच. मग ऑक्टोबरात तेच शूमर ठाम उभे राहिले. मधल्या सहा महिन्यांत ट्रम्प यांच्या हातातली ताकद काही कमी झाली नव्हती. बदलली होती शूमर यांची भीती.

रिपब्लिकनांकडे सिनेटमध्ये ५३ जागा. साठ व्हायला सात कमी. तोच ठराव पुन्हा पुन्हा मतदानाला, पुन्हा पुन्हा नापास, चौदा वेळा. प्रतिनिधीगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांनी सदस्यांना १९ सप्टेंबरनंतर बोलावलंच नाही. ॲरिझोनातून निवडून आलेल्या एका डेमोक्रॅट सदस्या शपथेविना सात आठवडे बसून राहिल्या. लैंगिक गुन्ह्यांतला आरोपी जेफ्री एपस्टीन याच्या प्रकरणाची कागदपत्रं उघडी करा, या मागणीवर २१८वी, म्हणजे मतदान घ्यायला भाग पाडणारी, सही त्यांची होणार होती. सभापतींनी तसा हेतू नाकारला. मी तुम्हाला फक्त तारखा सांगतोय.

आणि प्रशासन? पूर्वी अध्यक्षाला शटडाउन लवकर संपावा असं वाटायचं, कारण दुखणं सगळ्यांना सारखं व्हायचं. या वेळी त्यांनी दुखणंच वाटून दिलं. अर्थसंकल्प कार्यालयाचे प्रमुख रसेल व्होट यांनी पहिल्याच दिवशी न्यूयॉर्कच्या बोगद्याचे आणि भुयारी रेल्वेचे मिळून सुमारे १८ अब्ज डॉलर रोखले. डेमोक्रॅटांच्या राज्यांतले ऊर्जा प्रकल्प रद्द केले. शिकागोचे २ अब्ज अडवले. चार हजारांवर कर्मचाऱ्यांना नुसती रजा नाही, थेट कपातीची नोटीस दिली. सैनिकांचा पगार मात्र संशोधनाच्या निधीतून काढून वेळेवर दिला. म्हणजे ज्यांच्या हालांनी आपले मतदार हळहळले असते, त्यांना मलम. गरिबांच्या अन्नसाहाय्याचं काय झालं? बेचाळीस दशलक्ष लोक, दर आठातला एक अमेरिकी, १ नोव्हेंबरला त्यांच्या कार्डावर पैसे आले नाहीत. राखीव निधी होता, न्यायालयांनी तो वापरा म्हटलं. तरी पूर्ण रक्कम द्यावी लागू नये म्हणून सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. गृहनिर्माण खात्याच्या संकेतस्थळावर 'डाव्या अतिरेक्यांनी सरकार बंद पाडलं' अशी पाटी झळकली. शिक्षण खात्याच्या रजेवरच्या कर्मचाऱ्यांच्या नावाने जाणाऱ्या आपोआप उत्तरांत, त्यांना न विचारता, डेमोक्रॅटांना दोष देणारा मजकूर घातला गेला. ते बेकायदा असल्याचं न्यायालयाने नंतर सांगितलं.

माझ्या मते हा गुणात्मक बदल आहे. आधी शटडाउन बहुतेकदा विरोधकाचं हत्यार होतं आणि सरकार त्याचं लक्ष्य. आता सरकारलाही तो सोयीचा वाटू लागला, कारण मंजुरीच्या कायद्यात जे करता येत नाही ते मंजुरीच्या अभावात करून बघता येतं.

शेवट कसा झाला ते पाहा. ४ नोव्हेंबरला व्हर्जिनिया आणि न्यूजर्सीत डेमोक्रॅट मोठ्या फरकाने जिंकले. ट्रम्प यांनी दुसऱ्या दिवशी आपल्याच सिनेटरांना सांगितलं की शटडाउनचा फटका बसला. विमानतळांवर उड्डाणं कमी करायचा आदेश निघाला होता. लोकमत डेमोक्रॅटांच्या बाजूला झुकत असताना ९ नोव्हेंबरला त्यांच्या गोटातल्या आठ सिनेटरांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं आणि एक रिपब्लिकन विरोधात असूनही बरोबर साठ मतं झाली. सवलतीचं? डिसेंबरात मतदान घेऊ, एवढं वचन. या आठांत समान काय होतं? २०२६मध्ये त्यांतल्या एकाचीही निवडणूक नाही. दोघं तर निवृत्तच होतायत. व्हर्जिनियाचे टिम केन यांनी कपातीच्या नोटिसा रद्द करून घेतल्या, त्यांच्या राज्यात केंद्राचे नोकर ढिगाने आहेत. ज्यांना तिकीट मागायला जायचं नव्हतं, त्यांना तडजोड करता आली. मला मांडायची ती गोष्ट या आठ नावांत जितकी स्पष्ट दिसते, तितकी कुठल्याही भाषणात दिसत नाही.

वचनाचं मतदान याच महिन्यात, ११ डिसेंबरला झालं. ५१ विरुद्ध ४८. साठ नाहीत, म्हणून नापास. १ जानेवारीपासून अनेकांचे हप्ते चढणार. आणि सरकारला दिलेली मुदत ३० जानेवारीपर्यंतचीच आहे.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन.)

*आपल्या मुलांच्या व्हिसावर याचा काय परिणाम होतो?*

व्हिसाचे अर्ज तपासणारं खातं बहुतांशी फीवर चालतं, ते बंद पडत नाही. पण एच-वन-बीचा अर्ज करण्याआधी कंपनीला श्रम खात्याकडून पगाराच्या अटीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि ते खातं मंजुरीवर चालतं. ऑक्टोबरात ती खिडकी जवळजवळ महिनाभर बंद होती. नोकरी बदलायला निघालेले कितीतरी जण त्यात अडकले. २०१८-१९ला मात्र श्रम खात्याचं विधेयक आधीच मंजूर झालेलं होतं, म्हणून पस्तीस दिवसांत या कामाला धक्का लागला नाही. तेव्हा पुढच्या वेळी 'सरकार बंद' अशी बातमी आली की बारापैकी कुठली विधेयकं राहिलीत ते बघा. पुण्या-मुंबईतल्या पालकांनी तरी आधी श्रम खात्याचं बघावं.

*असं भारतात होऊ शकेल का?*

कागदावर शक्य वाटेल, कारण मघाशी म्हटलं तसं वाक्य एकच आहे. पण आपल्याकडे लोकसभेने सरकारचा खर्च नाकारला की सरकारच राहत नाही. अमेरिकेत पैसा नाकारला तरी अध्यक्ष चार वर्षं खुर्चीवर, खासदार आपल्या जागेवर, मधल्यामध्ये कारकून घरी. आपल्याकडे खुर्ची जाते, कारकून जागेवर राहतो.

एक प्रसंग मला फार आवडतो. १७ एप्रिल १९९९ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं. अर्थसंकल्प अजून मंजूर व्हायचा होता. देशात कमालीची कटुता होती, कोणी कुणाला फसवलं यावरून आरोप चालले होते. त्याच आठवड्यात, ज्या लोकसभेने सरकार पाडलं, तिनेच पडलेल्या सरकारचा अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर केला. ज्यांनी विरोधात मत दिलं होतं तेही बाकावर बसून होते. २६ एप्रिलला ती लोकसभा विसर्जित झाली. चर्चा न करता हजारो कोटींचा खर्च मंजूर करणं ही काही आदर्श गोष्ट नव्हे, आणि आता ती सवय होत चालली आहे याची मला काळजी वाटते. त्यावर बोलायला वेगळी संध्याकाळ लागेल. पण त्या आठवड्यात पोस्टमन वेळेवर आला होता.